दुनूचा हातगुण

दुनू एका जागी स्वस्थ बसलेला पाहिला असं कुणी सांगितलं, तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. जेवताना तो उभा. कुणाकडे गप्पा मारायला गेला तर दाराच्या खांबाला खांदा लावून, एक पाय आत, एक बाहेर. झोपायच्या झोळीत पडला तरी पायाचा अंगठा जमिनीला टेकवून ती हलती ठेवणार. त्याची बायको कोया म्हणायची, "तू मेलास की तुझा खड्डा लांबट खणावा लागेल, आत येरझाऱ्या घालायला." दुनू हसायचा आणि हसता हसता बाहेर पडायचा.

गाल्वेस नदीच्या वरच्या अंगाला, उंच दरडीवर ही मात्सेस नावाच्या आदिवासी लोकांची वस्ती. ओठांपासून कानांपर्यंत गोंदणाची निळी रेघ असलेल्या पिढीतला दुनू जवळजवळ शेवटचाच. पुढच्या पोरांनी गोंदण सोडलं आणि फुटबॉलचे सदरे घातले. बेडूक मात्र कुणी सोडला नाही. माणूस आळसावला, शिकार हाताला लागेना, अंग जड पडलं, की तामिशीच्या वेलीची जळती काडी दंडावर टेकवायची, वरची करपलेली कातडी खरवडायची आणि त्या ओल्या डागावर हिरव्या बेडकाचा चीक लावायचा. मग थोडा वेळ त्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही. तोंड सुजतं, कानात ढोल वाजतात, काळीज घशाशी येतं, पोटात असेल नसेल ते बाहेर पडतं. हे ओसरलं, नदीत बुडी मारली, एक झोप काढली, की माणूस हलका होतो. लांबवर पान हललं तरी त्याला कळतं. शिकारी कुत्र्यांनाही हा चीक लावतात. कुत्री पुढच्या वेळी काडी दिसताच पळ काढतात, माणसं आपण होऊन परत येतात.

बेडकाला कोण कुठला याचं काही नाही, तो कुणाच्याही काडीवर चीक देतो. पण लावणाऱ्याच्या अंगातलं बळ त्या डागातून दुसऱ्याच्या अंगात उतरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून आळशाच्या हातचा डाग कुणी घेत नाही, रडक्याच्या हातचा तर नाहीच नाही. आणि दुनूचा हातगुण असा की वरच्या वस्त्यांमधून माणसं होडी वल्हवत यायची. त्याच्याकडून डाग घेऊन गेलेला माणूस दोन दिवसांत रानडुक्कर खांद्यावर टाकून घरी आला नाही, तर दोष त्या माणसाच्या नेमाचा, दुनूचा नव्हे, असं सगळे म्हणायचे. दुनूही म्हणायचा.

डाग देण्याआधी तो तीन प्रश्न विचारायचा. पोटात काय आहे? छाती कशी आहे? आणखी कुणाच्या हातचं घेतलंयस का? उत्तर मनासारखं आलं नाही तर काडी विझवून मोकळा. त्यात भावकी नाही की ओळखदेख नाही. एकदा शहरातून पाहुणे आले होते, मोटरीच्या होडीतून, गळ्यात मण्यांच्या माळा घालून. त्यातला एक जाडजूड गृहस्थ दरड चढून वर येईतो लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकत होता. "मला जास्त डाग द्या, मी तयारीने आलोय," असं दुभाष्यातर्फे सांगायला लागला. दुनूने त्याच्या छातीला कान लावला, मग दुभाष्याला म्हणाला, "याला सांग, बेडूक आज झोपलाय." पाहुणा रुसला. त्याच्याबरोबरच्या एका किडकिडीत पोराने तेवढ्यात बादलीभर पाणी प्यायला घेतलं, कुठेतरी तसं शिकून आला होता म्हणे. दुनूने बादली काढून घेतली आणि त्याला केळ्याच्या पेजेचा वाडगा दिला. पलीकडच्या एका वस्तीत असंच घागरीमागून घागर पाणी ढोसून एक तरुण फिट येऊन पडला होता, आणि जागा झाल्यावर त्याला स्वतःच्या आईचं नाव आठवेना. दुनूने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. चिकापेक्षा त्याला पाण्याचीच भीती जास्त.

तर असा हा माणूस. आणि गेल्या पुरापासून त्याचं बिनसलं होतं.

रानात जायचा आणि रिकाम्या हाताने यायचा. तापीर म्हणजे रानातलं सगळ्यात मोठं धूड, त्याचा माग दुनू अंधारातही काढायचा. आता माग मिळे, पण थोडं अंतर चालून गेलं की छातीत कोंडलेल्या कोंबडीसारखी फडफड सुरू व्हायची. झाडाला धरून उभं राहावं लागे. फडफड थांबेतो तापीर नदीपार. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? छाती बरी नसलेल्याला बेडूक नाही, हा नियम त्यानेच घालून दिलेला. बेडकाविना बळ नाही, बळाविना हातगुण नाही, आणि हातगुण गेला तर दुनूचं दुनूपण काय उरलं? मग तो वस्तीभर फिरत राहायचा. या घरी डोकाव, त्या घरी डोकाव, कुणाची होडी उलटी करून तळ बघ, कुणाच्या कुत्र्याच्या कानात बघ. लोक काही बोलत नव्हते. पण पूर्वी त्याला मांसाचा वाटा मागायला यायचे, आता वाटा आणून देऊ लागले. ते त्याला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

त्यात जावयाचंही तसंच. पेमेन हा दुनूच्या बहिणीचा मुलगा, मामाचीच पोरगी नोएमी केली होती त्याने, इथल्या रीतीप्रमाणे. गुणी पोरगा, तोंडात जीभ आहे की नाही असा. नोएमीला आणि तान्ह्या पोराला जीव लावायचा. पण त्यालाही शिकार मिळेना. बायका नदीवर कपडे आपटता आपटता म्हणायच्या, "पेमेन डुकराच्या मागावर जातो आणि मूठभर मासळी घेऊन येतो. रानात नदी कुठे सापडते ग त्याला?" नोएमी एकदा चिडून त्यांच्या अंगावर ओला सदरा फेकून घरी आली. तेव्हापासून दुनूच्या मनाने घेतलं. पेमेनला शेवटचा डाग त्यानेच दिला होता. म्हणजे त्याच्या हातातून पेमेनच्या अंगात जे उतरलं ते हेच, रिकामे हात.

हे एकदा डोक्यात शिरलं आणि त्याला दिवसा चैन पडेना, रात्री झोप लागेना. शेवटी त्याने ठरवलं, पुन्हा एकदा द्यायचं. ताजा बेडूक, ताजा चीक, सगळं आपल्या हाताने.

त्या पहाटे कसाव्याच्या कंदांच्या मळ्यामागच्या ओढ्यावर बेडूक ओरडत होता. एरवी झाडावर पोरं चढवायची. दुनू स्वतः चढला. निम्म्यावर गेल्यावर छातीतली कोंबडी पिसाळली. बुंध्याला मिठी मारून, गाल सालीला चिकटवून तो तसाच लटकून राहिला. खाली कुत्रं तोंड वर करून बघत होतं. "काय बघतोस रे?" दुनू त्याला म्हणाला, आणि पुन्हा चढला. बेडूक फांदीवर होता, तळहाताएवढा, हिरवागार. हे बेडूक उडी मारून पळत नाहीत, म्हाताऱ्यासारखे एकेक पाय टाकत चालतात. दुनूने त्याला अलगद उचलला.

घरामागच्या अंगणात चार काठ्या रोवून त्याने बेडकाचे चारी पाय दोरीने ताणून बांधले, बांबूच्या चोयीने पाठीवरून पांढरा चीक निपटून घेतला. चांगला भरपूर निघाला. मग पेमेनला हाक मारली, तर पेमेन घरात नाही.

"उजाडायच्या आधीच गेलाय," नोएमी म्हणाली. पोराला काखेत घेऊन ती चूल फुंकत होती. "रानात गेला असेल."

"बंदूक तर इथेच आहे."

नोएमी चूल जोरात फुंकायला लागली.

पेमेन आला तो ऊन वर आल्यावर. रानाच्या वाटेने नाही, नदीच्या खालच्या अंगाने. खाली दुनूचा धाकटा भाऊ तेका राहायचा. पेमेनचे केस ओले होते, पापण्या फुगलेल्या, अंगात लांब बाह्यांचा पिवळा सदरा. इतक्या उकाड्यात. दुनूने ते पाहिलं. पाहिलं, आणि नजर बेडकाकडे वळवली. तेकाच्या दारात अलीकडे माणसं जातात हे त्याला माहीत होतं. तेकाने परवा दोन काळी माकडं मारून आणली होती, त्यातलं एक अख्खं दुनूच्या घरी पाठवलं होतं. दुनूने ते खाल्लं नव्हतं.

"बैस," दुनू म्हणाला.

पेमेनने ताणून बांधलेला बेडूक बघितला. "आज नको मामा. उद्या घेतो."

"उद्यापर्यंत हा इथे तुझी वाट बघत पडणार आहे का? तुझ्यासाठी मी झाडावर चढलो. मी. या वयात."

"तसं नाही मामा. जरा अंग..."

"अंगासाठीच तर देतोय. का माझ्या हाताला वास येतो?"

यावर कोणता जावई काय बोलेल? मामाच्या तोंडावर, "तुमच्या हातात आता काही राहिलं नाही म्हणून मी दुसरीकडे जाऊन आलो," असं म्हणायची इथे कुणाची छाती नाही. पेमेनची तर नाहीच. तो ओंडक्यावर बसला आणि उजवी बाही दंडापर्यंत वर सारली. सदरा काढला नाही. कोयाने केळ्याची पेज आणून दिली, त्याने वाडगा रिकामा केला.

"पोटात काय आहे?" दुनूने विचारलं.

"ही पेज."

"छाती कशी आहे?"

"बरी आहे."

आता तिसरा प्रश्न. इतक्या वर्षांत तो कधी राहिला नव्हता, झोपेतून उठवलं तरी दुनू तिन्ही विचारेल. पण त्या दिवशी तो जिभेवर आला आणि तिथेच अडला. विचारलं तर हा हो म्हणेल, आणि हो म्हणाला तर? दुनूला ते उत्तर ऐकायचं नव्हतं. त्याने तामिशीची काडी निखाऱ्यात खुपसली, फुंकर मारली आणि पेमेनच्या दंडावर एकाखाली एक डाग दिले. जाणत्या माणसाला देतात तितके, एकही कमी नाही. त्यांवर ताजा चीक.

सुरुवातीला सगळं रीतीप्रमाणे झालं. पेमेनची मान लाल झाली, ओठ सुजले, त्याने वाकून पेज बाहेर काढली. कोया म्हणाली, "निघू दे, निघू दे." दुनू त्याच्याभोवती फेऱ्या घालत होता आणि मनातल्या मनात खूश होता, चीक कसा धरलाय बघा. पण ओसरायची वेळ आली तरी ते ओसरेना. पेमेनला उलट्या येत राहिल्या, नुसतं पिवळं पाणी, मग तेही थांबलं. त्याचे ओठ राखेसारखे झाले. तो ओंडक्यावरून एका अंगावर कलंडला आणि हाक मारली तरी डोळे उघडेना.

नोएमी ओरडत धावली. सदऱ्याचा गळा आवळतोय असं वाटून तिने तो वर ओढला. पेमेनच्या छातीवर डागांची एक ओळ होती, ताजी, लालबुंद, कडा अजून ओल्या.

दुनूला ती ओळ ओळखू आली. दोन डागांत अंगठ्याएवढं अंतर, आणि शेवटचा डाग जरासा बाहेरच्या बाजूला. तेकाला तशी ओळ पाडायला त्यानेच शिकवलं होतं, तेकाला मिसरूड फुटायच्या आधी.

"आई ग," दुनू म्हणाला. बस, तेवढंच.

मग मात्र तो कामाला लागला. ओल्या फडक्याने पेमेनच्या दंडावरचा चीक पुसला, पुन्हा पुसला, छातीवरचे डागही धुतले. त्याला कुशीवर वळवलं, तोंड खाली केलं, जीभ मागे जाऊ नये म्हणून हनुवटी धरून ठेवली. शेजारणी जमल्या. एकीने घागर आणली, "पाजा त्याला, पोट धुऊन निघू दे," म्हणत त्याच्या तोंडाला वाडगा लावायला गेली. दुनूने वाडगा हाताने उडवला. "पाणी नको! शुद्ध नाही त्याला, दिसत नाही? अंगावर ओता, पाजू नका." बाई घाबरून मागे सरली. आंगामोसचा दवाखाना नदीने अख्ख्या दिवसाच्या पलीकडे, आणि वस्तीतली मोटरीची होडी मासळी घेऊन तिकडेच गेलेली. जे करायचं ते इथेच.

"नोएमी," दुनू म्हणाला. "पळ. तेकाकाकाला बोलाव. सांग, मी बोलावलंय."

नोएमीने पोर कोयाच्या हातात कोंबलं आणि पळत सुटली. वस्ती बघत होती. दोघा भावांमध्ये भांडण नव्हतं, पण कित्येक महिन्यांत दुनूने तेकाच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं की त्याला आपल्या अंगणात बोलावलं नव्हतं.

तेका आला, धापा टाकत. पेमेनला बघितलं, दंड बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"किती दिलेस?" दुनूने विचारलं.

तेकाने सांगितलं.

"ताजा की काडीवर सुकवलेला?"

"काडीवरचा, जुना. म्हणून तर जरा जास्त लावला. मला काय माहीत दादा, तू लगेच..."

"त्याने तुला सांगितलं नाही?"

"काय सांगणार? मी विचारलं होतं, आणखी कुणाच्या हातचं घेतलंयस का. नाही म्हणाला. तेव्हा नव्हतंच घेतलं त्याने. तू नाही विचारलंस?"

दुनू पेमेनच्या मनगटावर बोटं ठेवून बसला होता. नाडी लागे, हरवे, पुन्हा लागे.

"दादा, तू विचारलं नाहीस?"

"पाय धर त्याचे," दुनू म्हणाला. "सावलीत घेऊ."

दोघा भावांनी त्याला झाडाच्या सावलीत नेला. मग वाट बघणं. दुनूला वाट बघता येत नाही, जन्मात कधी आली नाही. पण हनुवटी सोडली तर जीभ मागे जाईल, म्हणून तो जमिनीला खिळल्यासारखा बसला. त्याचे पाय उठायला तडफडत होते. तेका पेमेनचे तळवे चोळत होता. नोएमी नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बडबडत होती. पोराला दात येतोय म्हणाली, छप्पर गळतंय म्हणाली, त्या नदीवरच्या बायकांच्या तोंडाला लागणार नाही आता, म्हणाली. मध्येच बापाकडे वळली. "तुम्ही तिसरा प्रश्न विचारला नाहीत. मी चुलीपाशी होते. मी ऐकत होते. तुम्ही विचाराल म्हणून मी गप्प बसले."

म्हणजे तिला ठाऊक होतं. दुनूने मान खाली घातली. तिनेही बापाचा मान राखायला तोंड शिवलं होतं. सगळ्यांनी सगळ्यांचा मान राखला आणि पोरगा मरायला टेकला.

ऊन कलायला लागल्यावर पेमेनने हात हलवला. मग खोकला, मग कण्हला. डोळे उघडले ते नुसत्या फटींएवढे. त्याला पहिला दिसला तो मामा, आणि तशाही अवस्थेत त्याने सदरा खाली ओढून छाती झाकायचा प्रयत्न केला.

"राहू दे," दुनू म्हणाला. "बघितलं सगळ्यांनी."

"मामा, मला वाटलं..."

"काही बोलू नकोस. गिळता येतंय का सांग."

कोयाने चमच्याचमच्याने पेज भरवली, चिमूटभर मीठ घालून. ती पोटात राहिली. नोएमी तेव्हा रडली, आधी नाही.

दुनू उठला तेव्हा त्याला आठवण झाली, बेडूक. अजून चार काठ्यांमध्ये ताणलेला, ऊन सरकत सरकत त्याच्यावर आलेलं. चीक घेतला की बेडूक लगेच सोडायचा, सुकू द्यायचा नाही, नाहीतर रान राग धरतं. दुनूने धावत जाऊन दोऱ्या कापल्या. बेडकाची पाठ कोरडी पडली होती. ओंजळीत घेऊन तो ओढ्याकडे गेला, पाणी शिंपडत राहिला. किती वेळ बेडूक हललाच नाही. मग एक पाय उचलला, विचार केल्यासारखा थांबला, दुसरा उचलला, आणि बुंध्यावर चढू लागला. त्याच बुंध्यावर. तो दिसेनासा होईतो दुनू तिथेच उभा होता.

पेमेन सावरला. काही दिवसांनी रानात गेला आणि चक्क रानडुक्कर घेऊन आला, चांगलं माजलेलं. वस्तीत चर्चेला ऊत आला. कुणाचा हातगुण? एक म्हणे तेकाचा, आधी त्याने दिला. दुसरा म्हणे दुनूचा, ताजा चीक त्याचा. तिसरा म्हणे दोघांचा मिळून, आता डुकरंही दोन आणायला हवी होती. पेमेन बिचारा मांसाचे वाटे करत बसला होता, कान लाल झालेले. सगळ्यात मोठा वाटा त्याने मामापुढे ठेवला.

दुनूने तो उचलला आणि खालच्या अंगाला चालू लागला. कोया मागून निघाली, नोएमी निघाली, पेमेन निघाला, आणि आता काय होणार म्हणून निम्मी वस्ती निघाली.

तेका झोळीची दोरी वळत होता. दुनूने मांस त्याच्यापुढे ठेवलं. "हे तुझं. माझा हात नव्हता त्यात." मग सदरा काढला, तेकाच्या अंगणातल्या ओंडक्यावर बसला आणि दंड पुढे केला. "मला दे."

कुणाला खरं वाटेना. थोरल्याने धाकट्यापुढे दंड धरायचा? बळ नेहमी वरून खाली जातं, बापाकडून लेकाकडे, थोरल्याकडून धाकट्याकडे. तेकाचे हात दोरीतच अडकून राहिले.

"दादा, काहीतरीच काय."

"माझं संपलंय. तुला जे दिलं होतं त्यातलंच थोडं परत दे. काडी पेटव."

तेकाने बायकोकडे बघितलं, कोयाकडे बघितलं. कुणी मदतीला आलं नाही. त्याने चुलीतून तामिशीची काडी पेटवून आणली. चिकाची जुनी काडी गवताच्या छपरातून काढली, तिच्यावर थुंकला, चीक मळला. मग मोठ्या भावासमोर उकिडवा बसला, आणि त्याला जे शिकवलं होतं ते म्हणायला लागला.

"पोटात काय आहे?"

"पेज. कोयाने दिली सकाळी."

"छाती कशी आहे?"

दुनूने तोंड उघडलं. बरी आहे, एवढंच म्हणायचं होतं. तेकाने डाग दिले असते, आणि मग बळ आलं असतं किंवा एकदाचं सगळं संपलं असतं. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तरी दुनू हातगुणाचाच राहिला असता. ओंडक्याच्या कडेला पेमेन उभा होता, छातीवरच्या डागांच्या खपल्या अजून पडल्या नव्हत्या.

"बरी नाही," दुनू म्हणाला.

"काय?"

"छाती बरी नाही. गेल्या पुरापासून. फडफडते, मग उभं राहवत नाही. झाडावर चढलो त्या दिवशी तर वाटलं, खालीच पडणार आता."

तेकाने जळती काडी चिखलात खुपसली. चर्र झालं. तो नुसता त्या काडीकडे बघत राहिला. कोया म्हणाली, "मला ठाऊक होतं. झोळी माझ्या झोळीला बांधलेली आहे तुझी. रात्री तुझं काळीज धडधडतं ते मला इकडे कळतं." तिचा आवाज चिडका होता आणि डोळे भरलेले.

"मग आजपासून तुला बेडूक नाही, दादा," तेका हळू म्हणाला. "घ्यायचा नाही. आणि झाडावर चढायचं नाही."

"माहीत आहे. नियम माझाच आहे." दुनूने दंड मागे घेतला नाही. "तिसरा विचार."

"आता कशाला? काडी विझवली."

"विचारायचे ते तिन्ही विचारायचे. एक सोडला की काय होतं ते बघितलंस ना?"

तेकाने खाकरून घसा साफ केला. "आणखी कुणाच्या हातचं घेतलंयस का?"

"नाही," दुनू म्हणाला. "बाप गेल्यापासून कुणाच्याच नाही. तू पहिला असतास."

तेकाने तोंड फिरवलं. नोएमीने पोराला खाली सोडलं. ते रांगत जाऊन दुनूच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं. मग हळूहळू लोक पांगले, मांस भाजायला गेले. कोया दोनदा बोलवायला आली. दुनू त्या ओंडक्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसला होता. चुलींचा धूर खाली नदीवर उतरला तरी तो उठला नाही.